रोपट्याचा एक महिना, पडद्यावरचं एक मिनिट

१९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत चालला आणि दादासाहेब फाळके तो घेऊन सुरतेला गेले. तिथे पहिल्या दिवशी गल्ला जमला अवघा तीन रुपये. थिएटरच्या मालकाचं म्हणणं असं, की सुरतकरांना दोन आण्यांत सहा तास नाटक बघायची सवय आहे. तुम्ही तीन आणे घेता आणि दीड तासात लोकांना घरी पाठवता, तेव्हा खेळ लांबवा. फाळक्यांनी खेळ होता तेवढाच ठेवला आणि जाहिरात बदलली. सत्तावन्न हजार फोटो, दोन मैल लांबीचं चित्र, आणि हे सगळं फक्त तीन आण्यांत! गल्ला तीनशे रुपयांवर गेला, अशी ही हकीकत सांगितली जाते.

मुंबईहून सुरतेला जायचं म्हणजे तेव्हा बी.बी.सी.आय. रेल्वेनं जायचं. वसईची खाडी ओलांडायची आणि मग विरार, पालघर, बोईसर, डहाणू करत उत्तरेकडे. १८६४ पासून मुंबईला गुजरातशी जोडणारा हा लोहमार्ग फाळक्यांच्या चांगल्याच ओळखीचा. बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले आणि पुढे गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदाही करून पाहिला. भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट आपल्या जिल्ह्याच्या रुळांवरून सुरतेकडे गेला, हे पालघर-बोईसरच्या वाचकाला माहीत असायला हवं. या प्रकरणात मात्र त्या कथापटापेक्षा मला त्याच्या आधीच्या एका छोट्या फिल्मबद्दल लिहायचं आहे. तिच्यात राजा नव्हता, राणी नव्हती, गोष्टही नव्हती. कुंडीत पेरलेला वाटाणा होता.

पण आधी सुरतेच्या जाहिरातीतले आकडे तपासू. त्यांतूनच वाटाण्याकडे जायची वाट सापडते.

चित्रपटाची फीत ३५ मिलिमीटर रुंद. तिच्या एका फुटात १६ फोटो मावतात. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. ३,७०० ला १६ नं गुणलं की ५९,२०० येतात. शीर्षकांची आणि जोडकामाची थोडी सूट धरली तर जाहिरातीतले सत्तावन्न हजार अगदी चोख. दोन मैलांचं तसं नाही. दोन मैल म्हणजे १०,५६० फूट. फीत प्रत्यक्षात पाऊण मैलाहूनही थोडी कमी भरते. म्हणजे लांबी ताणली आहे, पण फोटोंचा हिशेब खरा आहे. फाळके मूळचे फोटोग्राफर आणि छपाईवाले. आपला सिनेमा किती फोटोंचा झाला हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि लोकांना सांगण्याजोगी गोष्ट हीच आहे असं त्यांना वाटत होतं. प्रत्येक फोटो सुटा आहे आणि तो केव्हा घ्यायचा हे आपल्या हातात आहे, ही जाण सुरुवातीच्या सगळ्या प्रयोगशील सिनेमावाल्यांत दिसते, मग ते न्यूयॉर्कचे असोत की दादरचे.

फुटाला सोळा फोटो हे माप अमेरिकेतून आलं. न्यू जर्सीत थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन नावाचा सहकारी १८९० च्या आसपास हलत्या चित्रांचा कॅमेरा जुळवत होता. जॉर्ज ईस्टमन यांच्या कंपनीची सेल्युलॉइडची लवचिक फीत त्यानं घेतली, ३५ मिलिमीटर रुंदीची केली, आणि दोन्ही कडांना प्रत्येक फोटोमागे चार-चार भोकं ठेवली. दात्यांच्या चाकानं या भोकांत दात घालायचे आणि फीत ओढायची. फीत क्षणभर थांबते, फोटो उमटतो, फीत पुढे सरकते. पुढे इंग्लंडनं, फ्रान्सनं, सगळ्या जगानं हेच माप घेतलं. जाता जाता तारापूरकरांसाठी एक जोड सांगतो. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं उभारून दिल्या. ही कंपनी १८९२ मध्ये दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून जन्माला आली, आणि त्यांतली एक होती एडिसन जनरल इलेक्ट्रिक. एडिसनच्या कामाचा एक धागा समुद्रकाठच्या या गावापर्यंत वीज घेऊन आला. दुसरा त्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी, भोकं पाडलेल्या फितीच्या रूपानं, इथल्या रुळांवरून गेला होता.

फाळके सिनेमाकडे वळले ते १९११ मध्ये. मुंबईतल्या ‘अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस’मध्ये त्यांनी प्राण्यांची एक फिल्म पाहिली, मग ‘लाइफ ऑफ क्राइस्ट’ पाहिली, आणि आपले राम-कृष्ण असे पडद्यावर का येऊ नयेत या विचारानं त्यांना घेरलं. तेव्हा ते चाळिशीत होते. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले, पुरातत्त्व खात्यात काम केलेले, शिळाछाप आणि ब्लॉक करण्याच्या कामात मुरलेले, हौसेनं जादूचे प्रयोगही करणारे. त्यांनी एक छोटं यंत्र आणि काही रिळं मिळवली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून भिंतीवर पाडून ते रात्री घरीच चित्रं दाखवू लागले. रोज मिळतील तितके सिनेमे पाहायचे, उरलेल्या वेळात प्रयोग करायचे, झोप जवळजवळ नाहीच. डोळ्यांवर इतका ताण आला की दिसेनासं झालं. डॉ. प्रभाकर यांनी उपचार केले, निरनिराळे चष्मे दिले, तेव्हा दृष्टी परत आली. हे सगळं फाळक्यांनीच पुढे ‘नवयुग’ मासिकातल्या लेखमालेत लिहिलं आहे.

१ फेब्रुवारी १९१२ ला ते लंडनला निघाले. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या कचेरीत ओळखपाळख नसताना शिरले. संपादक कॅबोर्न यांनी आधी धंद्यातले धोके सांगून परावृत्त करायचा प्रयत्न केला आणि मग मदतही केली. त्यांच्यामुळे चित्रपटनिर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओचे दरवाजे उघडले. फाळक्यांनी विल्यमसन बनावटीचा कॅमेरा, भोकं पाडायचं यंत्र, धुण्या-छापण्याचं सामान आणि कोडॅकची कोरी फीत यांची ऑर्डर नोंदवली आणि १ एप्रिलला ते परतले. मे महिन्यात सामान मुंबईत पोचलं. चार दिवसांत त्यांनी ते घरात मांडून चालू केलं.

आता पैसा हवा होता, आणि पैसेवाल्याला विश्वास पटायला हवा होता. इथे वाटाणा येतो.

फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा रोवला. महिन्याहून अधिक काळ तो कॅमेरा त्या कुंडीकडे बघत राहिला. दाणा रुजला, मातीतून वर आला, पानं फुटली, वेल झाला. हे सगळं टिपून जी फीत तयार झाली ती पडद्यावर मिनिटभराची. नाव ‘अंकुराची वाढ’. निवडक लोकांना ती दाखवली गेली. पाहणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी आणि नारायणराव देवहरे होते, आणि त्यांनी कर्जाऊ पैसे द्यायची तयारी दाखवली. ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला तो या वाटाण्याच्या वेलावर.

ही हकीकत सांगताना बहुतेक पुस्तकांत एक वाक्य हमखास येतं: फाळके रोज एक फ्रेम घेत. मला हे वाक्य पटत नाही. गणित करून पाहा. त्या काळी पडद्यावर सेकंदाला साधारण १६ फोटो जात. रोज एक याप्रमाणे महिनाभरात ३० फोटो होतात, म्हणजे दोन सेकंदसुद्धा नाहीत. फीत दोन फुटांहून कमी. डोळा स्थिरावण्याआधी खेळ खलास. मिनिटभर चालायची तर १६ गुणिले ६०, म्हणजे ९६० फोटो हवेत. महिन्यात बसवायचे तर दिवसाला ३२. घरात काम दिवसाच्या उजेडावर चालणार. बारा तासांचा उजेड धरला तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक फोटो, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत, रोज, महिनाभर. किंवा दिवसातून काही वेळा उभं राहून प्रत्येक वेळी पाच-सहा फोटो लागोपाठ घ्यायचे. मग वाढ टप्प्याटप्प्यानं उड्या मारत दिसणार. दोन्हींपैकी काहीही असलं तरी ‘रोज एक’ याहून हे काम कितीतरी जिकिरीचं होतं. फाळक्यांची थोरवी सांगणारं ते वाक्य त्यांचे कष्ट तीस पटींनी कमी करून टाकतं.

कॅमेरा हातानं फिरवायचा. साधारणपणे दांड्याच्या एका फेऱ्यात आठ फोटो उमटत. सेकंदाला दोन फेरे मारले की सोळा. ‘एक, दोन’ असं मनात म्हणत हात एका लयीत चालवणं हे तेव्हाच्या छायाचित्रकाराचं पहिलं कौशल्य. पण एकच फोटो घ्यायचा तर ही लय बाजूला ठेवावी लागते. त्या काळच्या अनेक कॅमेऱ्यांना दांडा बसवायची आणखी एक जागा असे. तिथे दांडा लावला की एका फेऱ्यात एकच फोटो. युक्तीची दृश्यं करणाऱ्यांसाठी ही सोय.

अडचणी पुढेच आहेत. कुंडी तसूभरही हलता कामा नये, पाणी घालतानासुद्धा. कॅमेऱ्याचे पाय महिनाभर तिथेच, आणि घरात माणसांची ये-जा. सकाळचा तिरपा उजेड वेगळा, दुपारचा वेगळा, आभाळ भरून आलं की आणखी वेगळा. भिंगाचं तोंड किती उघडायचं याचा अंदाज दर वेळी नव्यानं घ्यायचा, आणि तो चुकला की पडद्यावर चित्र लुकलुकणार. चुकलं हे कळणार फीत धुतल्यावर, तोपर्यंत रोप मोठं झालेलं. परत लहान करता येत नाही. शिवाय त्या वेळच्या फितीला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे आणि हिरवाही कमीच. म्हणजे पोपटी कोवळं रोप पडद्यावर गडद राखाडी उमटलं असणार.

फाळक्यांच्या आधी अकरा वर्षं अशीच एक चिकाटी न्यूयॉर्कमध्ये घडली होती. ब्रॉडवे आणि तेराव्या रस्त्याच्या कोपऱ्यावर स्टार थिएटर नावाचं जुनं नाट्यगृह होतं. १९०१ मध्ये ते पाडायचं ठरलं. समोरच अमेरिकन म्यूटोस्कोप अँड बायोग्राफ कंपनीची कचेरी. कंपनीचा छायाचित्रकार फ्रेडरिक आर्मिटेज यानं समोरच्या उंचीवरून कॅमेरा रोखला आणि पाडकाम टिपायला सुरुवात केली. कंपनीच्या सांगण्याप्रमाणे दिवसाचे आठ तास, दर चार मिनिटांनी एक फोटो. म्हणजे दिवसाला १२०. सुमारे महिनाभर हे चाललं. आज ती फिल्म पाहिली तर आधी नेहमीच्या वेगातला रस्ता दिसतो, घोडागाड्या जातात, माणसं चालतात. मग एकदम काळ धावू लागतो. छप्पर नाहीसं होतं, मजले वरून खाली विरघळतात, भिंतींवरून सावल्या सरसर फिरतात, रस्त्यावरची माणसं नुसते ठिपके होतात. शेवटी मोकळी जागा उरते आणि रस्ता पुन्हा आपल्या वेगानं चालू लागतो. कंपनीनं थिएटरवाल्यांना आणखी एक गंमत सुचवली होती: फीत उलटी चालवा, म्हणजे इमारत पुन्हा उभी राहील. फिल्मच्या नावातच पाडणं आणि बांधणं दोन्ही आहे.

फाळक्यांनी ही फिल्म पाहिली होती असा माझा दावा नाही, आणि तशी गरजही नाही. ज्याच्या हाती दांडा आहे आणि फोटो सुटे आहेत हे ज्याला उमगलं आहे, तो आज ना उद्या इथे पोचतोच. १९१० मध्ये इंग्लंडमध्ये पर्सी स्मिथ यांनी फुलं उमलताना दाखवली होती. अमेरिकेत स्टुअर्ट ब्लॅकटन यांनी १९०६ मध्ये फळ्यावर खडूनं काढलेले चेहरे हलवले, आणि पुढच्याच वर्षी ‘हॉन्टेड हॉटेल’मध्ये टेबलावरची सुरी कुणाचाही हात न लागता खाद्यपदार्थ कापताना दाखवली. या सगळ्यांत कॅमेरा नुसता साक्षीदार उरत नाही. दोन फोटोंच्या मध्ये किती वेळ जाऊ द्यायचा आणि त्या वेळात काय बदलायचं, हे माणूस ठरवतो. मला विचाराल तर सिनेमाची सगळी ताकद या मधल्या वेळात आहे, आणि भारतीय सिनेमानं पहिली परीक्षा दिली ती याच विषयात.

वाटाण्याची निवडही मला फार शहाणपणाची वाटते. एक मिनिट म्हणजे साठ फूट फीत. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून परदेशी गेलेल्या माणसाला फीत परदेशातून येते आणि महाग पडते हे चांगलं ठाऊक होतं. नट नाही, वेशभूषा नाही, पडदे नाहीत. वेळ तेवढा भरपूर लागणार, आणि वेळ घरचाच होता. पैसे देणाऱ्याला पटवायचं तर त्यानं कधीही न पाहिलेलं काहीतरी दाखवायला हवं. रोप वाढतं हे सगळ्यांना माहीत असतं, पण वाढताना कुणी पाहिलेलं नसतं. धुणं, छापणं, उजेड सांभाळणं, चित्र स्थिर ठेवणं या सगळ्या कामांची कसोटी त्या साठ फुटांत झाली.

घरचा वेळ म्हणजे अर्थातच फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचाही वेळ. फाळक्यांच्या दादरच्या घरात कोरी फीत आली की तिला भोकं नसत. ती घरी पाडायची. रात्री सगळं सामसूम झाल्यावर, अंधाऱ्या खोलीत, बारीकशा उजेडात हे काम चाले. फीत यंत्रात अडकवायची, दांडा फिरवायचा, ठोका पडला की भोकं पडतात, फीत पुढे सरकते. अंतर केसभर चुकलं तर कॅमेऱ्याचा दाता भोकात बसत नाही, फीत फाटते किंवा चित्र थरथरतं. एका फुटात दोन्ही कडांची मिळून १२८ भोकं. ‘राजा हरिश्चंद्र’च्या ३,७०० फुटांचा हिशेब केला तर पावणेपाच लाखांच्या घरात जातो, आणि तोही एकाच प्रतीचा; मूळ फीत वेगळी, छापील वेगळी. सरस्वतीबाई भोकं पाडत, फीत धूत, चित्रीकरणात पांढऱ्या चादरी धरून उजेड परतवत, शिवाय कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक बघत. दागिने विकले ते वेगळेच. भारतीय चित्रपटाच्या पहिल्या तंत्रज्ञांची यादी केली तर दुसरं नाव त्यांचं यायला हवं, आणि ते ‘दादासाहेबांना साथ देणारी पत्नी’ या शब्दांत गुंडाळलं जातं याचा मला मनापासून राग येतो.

वाटाण्यानं दिलेला धडा फाळके विसरले नाहीत. १९१३ च्या अखेरीस मुक्काम नाशिकला हलला, मग महायुद्ध आलं, कोरी फीत आणि पैसा दोन्ही आटले. त्या ओढगस्तीच्या दिवसांत त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्या मांडायच्या, फोटो घ्यायचा, काड्या जराशा सरकवायच्या, पुन्हा फोटो. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांना असंच हलवलं होतं. रोप स्वतःहून वाढतं आणि आपण नुसते थांबतो. काड्या आपण वाढवायच्या, एवढाच फरक. मुद्दा तोच, दोन फोटोंमधल्या वेळेचा.

पुढे तर या युक्त्यांनी देव पडद्यावर उतरवले. एकाच फितीवर दोनदा चित्र घेणं, फीत मागे फिरवून एका चित्रातून दुसरं उगवणं, कॅमेरा थांबवून माणूस बदलणं. १९१८ च्या ‘श्रीकृष्णजन्मा’त कंसाला चहूकडे कृष्ण दिसू लागतो. १९१९ च्या ‘कालियामर्दना’ची सुरुवात तर जरूर पाहा. कृष्णाचं काम करणारी मंदाकिनी, फाळक्यांची सात वर्षांची लेक, आधी स्वतः म्हणून समोर येते, चेहऱ्यावर एकेक भाव आणून दाखवते, आणि मग बघता बघता कृष्ण होते. प्रेक्षकाला हे सोंग आहे हे आधी सांगून टाकायचं आणि नंतर त्याच सोंगावर भक्ती बसवायची, इतका आत्मविश्वास त्या काळी फार थोड्यांकडे होता. १९१७ च्या सुमारास त्यांनी ‘चित्रपट कसे तयार करतात’ हीसुद्धा फिल्म केली. तिचे उरलेले तुकडे पाहिले की फाळके काम करताना दिसतात, फीत तपासतात, कापतात, जोडतात. आपली करामत झाकून ठेवावी असं या जादूगाराला वाटलं नाही.

यातलं किती उरलं? ‘अंकुराची वाढ’ उरली नाही. ‘आगकाड्यांची मौज’ही नाही. ‘राजा हरिश्चंद्र’च्या चार रिळांपैकी पहिलं आणि शेवटचं सापडतं, आणि तेही मूळचं नसून १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा केलेल्या प्रतीचं असावं, असं अभ्यासक मानतात. बाकीचं नाहीसं झालं त्याचं कारण फितीच्या रसायनातच आहे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांशी रोज संबंध येणाऱ्यांना हे लगेच कळेल. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया केली की नायट्रोसेल्युलोज मिळतं, आणि त्यात कापूर मिसळून सेल्युलॉइड. बंदुकीच्या बिनधुराच्या दारूचं हे सख्खं भावंड. एकदा पेटलं की पाण्यानंही विझत नाही, कारण जळायला लागणारा ऑक्सिजन त्याच्या आतच असतो. पेटलं नाही तरी ते हळूहळू कुजतं. कुजताना निघणारे आम्लयुक्त वायू डब्यात कोंडतात आणि कुजणं आणखी वाढवतात. फीत आधी चिकट होते, मग तिची तपकिरी भुकटी होते. आपल्याकडची हवा दमट आणि उष्ण, म्हणजे हे सगळं अधिकच वेगानं. त्यातून वाचलेली रिळं चांदी काढण्यासाठी विकली गेली, कारण चित्र ज्याचं बनलेलं असतं ती चांदीच.

स्टार थिएटरची फिल्म मात्र टिकली, आणि ती कागदामुळे. अमेरिकेत १९१२ पर्यंत सिनेमाच्या हक्कांसाठी वेगळा कायदा नव्हता, फोटोंना होता. म्हणून कंपन्या सगळी फीतच फोटोच्या कागदाच्या लांब पट्टीवर छापत आणि ती पट्टी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये नोंदवत. फिती जळाल्या, कुजल्या, कागद राहिला. अनेक दशकांनी त्या पट्ट्यांवरून पुन्हा फिल्म बनवल्या गेल्या. आपल्याकडे अशी सोय नव्हती. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं १९६४ मध्ये, फाळके गेल्यावर वीस वर्षांनी. तिथल्या पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबाकडून आणि इतर ठिकाणांहून तुकडे गोळा केले, म्हणून ‘कालियामर्दन’ आज जवळजवळ पूर्ण पाहता येतो. तेवढं हाती लागलं याचं श्रेय नायरांच्या वणवणीला आहे.

वाटाण्याची फीत परत मिळणार नाही, पण प्रयोग करता येतो, आणि आपल्या भागात तो वालावर करावा. भात कापून झालं की शेतात उरलेल्या ओलाव्यावर पालघर तालुक्यात वाल पेरतात. बिरड्यासाठी मोड आणलेला वाल घरोघरी असतोच. वाटाण्याच्या डाळिंब्या मातीतच राहतात आणि नुसता कोंभ वर येतो. वालाचं तसं नाही. वालाचा कोंभ मान वाकवून माती ढकलतो, आणि मग पाठीवर दोन्ही डाळिंब्या घेऊन ताठ होतो. बघायला वाल जास्त चांगला.

मोबाईल खिडकीच्या गजाला नाही, जड वस्तूला बांधा. गाडी गेली की गज हलतो. मागे एकरंगी पुठ्ठा लावा. उन्हाचा कवडसा टाळा आणि रात्रंदिवस एकच दिवा ठेवा, म्हणजे फाळक्यांना छळणारी लुकलुक होणार नाही. फक्त रोप त्या दिव्याकडे झुकेल, तेव्हा दिवा बरोबर वर टांगा. मोबाईलमधली तयार ‘टाइमलॅप्स’ची सोय बहुधा फार झरझर फोटो घेते, म्हणून अंतर ठरवता येणारं अॅप घ्या. पाच मिनिटांना एक फोटो म्हणजे दिवसाला २८८. दहा दिवसांत २,८८०. सेकंदाला २४ च्या वेगानं दाखवले तर नेमकी दोन मिनिटं.

अंतर किती ठेवायचं हे काय बघायचं आहे त्यावर ठरतं. नुसती उंची वाढताना बघायची तर तासाला एक फोटो पुरे. पण वाटाण्याचा किंवा वालाचा शेंडा सरळ वाढत नाही; आधार शोधत तो हवेत गोल फिरतो. चार्ल्स डार्विननं १८६० च्या दशकात वेलींवर काम करताना हे फेरे घड्याळ लावून मोजले होते, आणि वाटाण्याचा फेरा त्याला सुमारे दीड तासाचा आढळला. बावीस मिनिटांनी एक फोटो घेतला तर एका फेऱ्यात चारच हाती लागतात आणि शेंडा नुसता हिसके देताना दिसतो. पाच मिनिटांचं अंतर ठेवलं तर सतरा-अठरा मिळतात आणि फेरा गोल दिसतो. दिवसाला एकच फोटो घेणाऱ्याला तर तो फिरतो हेच कळणार नाही. वालाचा फेरा वाटाण्याइतकाच असतो की वेगळा, हे मोजायला एक काठी, एक कुंडी आणि दहा दिवस लागतात. काठी मात्र शेंड्यापासून चार बोटं लांब रोवा, म्हणजे पकड बसण्याआधी त्याचे दोन-तीन फेरे तरी पुरे होतील.